शर्यत पोराची, सातबारा बापाचा



या पानावर एरवी मी करपा, तुडतुडे, खताची मात्रा, बियाण्याची उगवण यांविषयी लिहीत असतो. आज विषय मोटारगाडीचा आहे. ‘कृषीवाल्याला गाडीचे काय पडले?’ असे तुम्ही म्हणाल. म्हणून हा विषय माझ्या टेबलावर कसा आला तेच आधी सांगतो.

मागे एकदा कामानिमित्त विरार पूर्वेला फुलपाड्यात गेलो होतो. काम उरकले आणि पापडखिंड धरणाच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर चहाला टेकलो. शेजारी चार-पाच पोरे बसली होती. सगळी विशीच्या आतबाहेरची. बोलणे ऐकू येत होते. ‘काल रात्री एकशे चाळीस टच केला.’ ‘हट्! तुझ्या गाडीचा काटा एकशे वीसला थरथरतो.’ ‘मग चल आज, शिरसाड फाट्यापासून लावू.’ समोर उभी होती ती साधी घरगुती गाडी. तिच्या मागच्या काचेवर आईचा आशीर्वाद लिहिलेला, आणि डिकीच्या फटीत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या. म्हणजे दिवसा हीच गाडी भाजीची क्रेट आणि खताची गोणी वाहते, लग्नाला वऱ्हाड नेते आणि रात्री महामार्गावर शर्यतीला उतरते.

हे ऐकून मला माझ्या टेबलावरून गेलेली एक फाईल आठवली. गाव आणि नाव सांगत नाही, त्या घराचे दुःख अजून ताजे आहे. पंचवीस वर्षांच्या आतला मुलगा. गाडी बापाच्या नावावर. मित्राच्या गाडीबरोबर रात्री पैज लागली आणि रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या ट्रकवर गाडी मागून आदळली. दिवस घालून झाल्यावर बाप शेतकरी अपघात योजनेचा प्रस्ताव घेऊन आला. सातबारा, मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहन परवाना, सगळे कागद नीट लावलेले. पण पोलिसांच्या कागदात त्याच मित्राचा जबाब होता, ‘आम्ही गाड्यांची शर्यत लावली होती.’ प्रस्ताव नामंजूर होऊन परत आला. त्या माणसाने मला विचारले, ‘साहेब, कागदावर अपघातच लिहिलंय ना? मग माझा पोर कशानं गेला म्हणायचं?’

मला उत्तर देता आले नाही. आजचा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

वेगाचा खेळ कुठे आणि कसा होतो

पोरांना वेगाचे वेड असते, त्यात नवल नाही. आपण बैलगाडीच्या शर्यती पाहत मोठे झालो. गाडी किती पळते हे पाहण्याचा खेळ जगातही आहे आणि जुना आहे. अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे मैदान आहे. कित्येक मैल सपाट, ना झाड ना घर ना गुरू-ढोरू. ब्रिटनच्या माल्कम कॅम्पबेल यांनी ३ सप्टेंबर १९३५ रोजी तिथे ताशी ३०० मैलांची म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटरची मर्यादा ओलांडली. पुढे १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीन यांनी अमेरिकेतल्याच ब्लॅक रॉक वाळवंटात ताशी सुमारे १२२८ किलोमीटर वेग गाठला. हा वेग आवाजापेक्षाही जास्त होता.

अशा विक्रमवीरांबरोबर बॉनव्हिलला दरवर्षी हौशी माणसेही येतात. कोणी गॅरेजवाला, कोणी शेतकरी, कोणी नोकरदार. काहींच्या गाड्या तर रोजच्या वापरातल्या गाडीवरच काम करून तयार केलेल्या असतात. पण त्यांची पद्धत पाहा. मैदान बंद असते आणि मार्गावर एका वेळी एकच गाडी सुटते. शर्यत घड्याळाशी असते, शेजाऱ्याशी नाही. वेग मोजून आखलेल्या अंतरावर यंत्राने मोजतात. जागतिक विक्रमासाठी तर दोन्ही दिशांनी एका तासाच्या आत धावून सरासरी काढावी लागते. सुटण्याआधी गाडीची तपासणी होते. वेगाच्या गटाप्रमाणे आत लोखंडी पिंजरा, अनेक पट्ट्यांचा बेल्ट, हेल्मेट, आग न लागणारा पोशाख, आग विझवण्याचे साधन हे सगळे लागते आणि फार वेगवान गाडीला थांबण्यासाठी पॅराशूटही लागते. रुग्णवाहिका उभीच असते.

आणि एवढे करूनही माणसे मरतात. जेसी कॉम्ब्स ही अमेरिकेतली नावाजलेली चालक होती. ऑरेगन राज्यातल्या अल्व्हर्ड वाळवंटात २७ ऑगस्ट २०१९ रोजी वेगाचा विक्रम करताना तिची गाडी कोसळली आणि ती गेली. पुढच्या चाकाच्या जागी बिघाड झाला होता. मोकळे वाळवंट, तयार गाडी, शिकलेली चालक, तरी हे झाले.

आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारींच्या वेगाच्या स्पर्धा भरल्या आहेत. तिथेही बंद धावपट्टी, तपासणी, हेल्मेट आणि ठरलेले अंतर असते. म्हणजे ज्यांना हा खेळ खरोखर कळतो, ते तो सार्वजनिक रस्त्यावर खेळत नाहीत.

बैलाला नियम, मोटारीला मोकळीक?

आता आपल्या शर्यतीकडे पाहू. बैलगाडी शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. या सात-आठ वर्षांत आपण किती निवेदने दिली, किती मोर्चे काढले, आठवा. आज शर्यत भरवायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धाव हजार मीटरपेक्षा जास्त नको. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी. बैलाला इजा झाली तर आयोजक जबाबदार.

हे नियम आपण मान्य केले, कारण बैल आपला आहे. मग पोर कोणाचे आहे? बैलाची धाव एक किलोमीटरवर थांबते. इथे शिरसाड फाट्यापासून सुटलेली गाडी कुठे थांबायची हे कोणीच ठरवलेले नसते. बैलाच्या शर्यतीत बघे दोरीच्या मागे उभे असतात. महामार्गावर समोरून येणाऱ्या दूधवाल्याला आपण शर्यतीच्या मैदानात आहोत हे माहीतच नसते.

नारळाच्या झाडाचा हिशोब

पोरे म्हणतात, ‘साठ काय आणि एकशे वीस काय, वेग दुप्पट झाला एवढंच.’ खरी मेख इथेच आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

आपल्या भाषेत सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली तर तो मार सुमारे १४ मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखा असतो. चांगल्या उंच नारळाच्या शेंड्यावरून पडावे तसा. ताशी १२० ला तीच उंची सुमारे ५७ मीटर होते. म्हणजे एकावर एक चार नारळ उभे करा आणि वरच्या शेंड्यावरून उडी मारा. विरारच्या नव्या इमारती डोळ्यांसमोर आणा, अठरा-एकोणीस मजले होतात. झाडावर चढणारा माणूस कंबरेला दोर बांधतो. आमची पोरे मात्र चार नारळांच्या उंचीवर बसून सीटबेल्टला लाजतात.

थांबण्याचेही तसेच आहे. कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक धरू. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ६० च्या वेगात गाडी सुमारे ३७ मीटरमध्ये थांबते. १२० ला सुमारे ११३ मीटर लागतात आणि १४० ला दीडशे मीटरच्या घरात. पावसात याहून जास्त. रात्री डिपर मारून चाललेल्या गाडीच्या उजेडात साठ-सत्तर मीटरपलीकडचे नीट दिसत नाही. म्हणजे १४० ने जाणारा चालक अंधारात गाडी फेकत असतो. अडथळा दिसेल तेव्हा थांबण्याची वेळ निघून गेलेली असते.

आता त्या अंधारात आपला ट्रॅक्टर घाला. ट्रॉलीत गवताचे भारे आहेत, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. ट्रॅक्टर ताशी २० ने जातो आहे आणि मागून गाडी १४० ने येते आहे. दोघांमधले अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होते. साठ मीटरवर ट्रॉली दिसली तर चालकाच्या हातात दोन सेकंदही नाहीत. तेवढ्यात माणूस ‘आई गं’ म्हणतो, दुसरे काही करू शकत नाही.

शिवाय घरची गाडी या कामासाठी बनवलेली नसते. टायरवर आकड्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. तो टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल हे त्यावरून कळते. पण ते नव्या, योग्य हवा भरलेल्या टायरसाठी. शेतावरच्या कच्च्या रस्त्याने बाजू फुगलेला, हवा कमी असलेला टायर उन्हाळ्यात वेगाने पळवला की तापतो आणि फुटतो. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत ८० च्या वर गेले की थांबून थांबून आणि १२० च्या वर गेले की सतत शिट्टी वाजते. गाडी स्वतः ओरडून सांगते. पोरे गाण्याचा आवाज वाढवतात.

आणि ज्या आकड्यावर पैज लागते तो आकडाही खरा नसतो. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियम आहे, म्हणून तो बहुधा थोडा जास्तच दाखवतो. ‘एकशे चाळीस टच’ म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे जीव खरा पणाला लावायचा आणि विक्रम खोटा!

आपल्याच जिल्ह्यातला धडा

ही पुस्तकी गोष्ट नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ८ आणि आताचा ४८, आपल्या जिल्ह्याच्या मधून जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक महागडी परदेशी गाडी आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसलेले एक प्रवासी जागीच गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. पुढच्या दोघांनी बेल्ट लावले होते, मागच्यांनी नव्हते. ती शर्यत नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दिवसाउजेडी, अनुभवी माणसांचा साधा प्रवास होता. पोलिसांच्या प्राथमिक तपासात अतिवेग आणि अंदाज चुकणे ही कारणे पुढे आली. पुलाजवळ तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो, यावरही तेव्हा बरीच चर्चा झाली.

एवढ्या सुरक्षित गाडीत, दिवसा, शर्यत नसताना हे होते. मग रात्री, पैजेवर, घरगुती गाडीत काय होईल याचा विचार करा.

जिथे वेग दाखवण्यासाठीच गाडी पळवली, तिथली गतही पाहा. उत्तर प्रदेशात पूर्वांचल द्रुतगती मार्गावर सुलतानपूरजवळ १४ ऑक्टोबर २०२२ रोजी चार तरुण मोबाईलवरून थेट चित्रण करीत गाडी ताशी २३० पर्यंत नेत होते. गाडी कंटेनरवर आदळली. चौघांपैकी एकही वाचला नाही. अहमदाबादला २० जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी एका उड्डाणपुलावर आधीच एक अपघात झाला होता. तो पाहायला माणसे जमली. ताशी १४० हून अधिक वेगाने आलेली गाडी त्या गर्दीत घुसली आणि नऊ जण मेले. मेलेल्यांत बंदोबस्ताला आलेले पोलीसही होते. गाडी चालवणारा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. पुण्यात १९ मे २०२४ रोजी सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या भरधाव गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, हे तर सगळ्या राज्याने पाहिले.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडलेले आहेत. बेल्ट न लावलेले १६,७१५ जण त्या वर्षी गेले. अतिवृष्टीत पीक गेले तर आपण पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या दारात बसतो. ही दरवर्षीची माणसांची नासाडी मात्र ‘नशीब’ म्हणून सोडून देतो.

कायदा काय म्हणतो, पैसा कुठे अडतो

आता गावकरी आणि अधिकारी दोघांनीही नीट लक्षात ठेवावा असा भाग.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे गुन्हा आहे. जो भाग घेतो तो तर गुन्हेगार आहेच, जो ती होऊ देतो तोही गुन्हेगार आहे. पूर्वी यास एक महिना कैद किंवा पाचशे रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही असा झाला. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. एकट्यानेच भरधाव गाडी पळवली तरी अतिवेगाचे कलम १८३ आणि धोकादायक चालवण्याचे कलम १८४ आहेच. कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पोरगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९-अ वाचा. त्यात पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला माहीत नव्हतं, त्यानं चावी चोरून नेली’ हे बापालाच सिद्ध करावे लागते.

आता पैशाचे बघा. घरच्या गाडीच्या विम्याच्या कागदात ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. तो कोणी वाचत नाही. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यासाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही, असे त्यात छापलेले असते. समोरच्याला द्यायच्या भरपाईतही ही अट मोडल्याचा मुद्दा कंपनीला न्यायालयात मांडता येतो, कायद्यानेच तशी सोय ठेवली आहे. दोन पोरांची पैज ही ‘आयोजित शर्यत’ आहे की नाही यावर वकील वाद घालतील. पण तो वाद तुमच्या खर्चाने, तुमच्या पायपिटीने वर्षानुवर्षे चालेल. अटींचा भंग ठरला तर पुष्कळदा न्यायालय कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगते आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते.

मालक कोण? आरसी बुकावर ज्याचे नाव आहे तो. गावात गाडी पोर चालवतो, नाव बापाचे असते. वसुली निघाली की ती बापाच्या नावावर निघते. आणि बापाकडे वसूल करण्याजोगे काय असते? जमीन. म्हणून म्हणतो, शर्यत पोराची असते, पण पणाला लागतो तो बापाचा सातबारा.

आमच्या खात्याचेही सांगतो. ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ बहुतेकांना माहीत आहे. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५. अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. पण या योजनेत न बसणाऱ्या कारणांची एक यादी आहे. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या, नशेत झालेला अपघात आणि त्याच यादीत तीन शब्द आहेत: ‘मोटार शर्यतीतील अपघात’. साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला, तर सरकार तुमच्या दारात येते. शर्यत लावली तर येत नाही. स्वतः गाडी चालवत असताना अपघात झाला तर वैध परवानाही लागतो.

माझ्यापुढे बसलेल्या त्या बापाची फाईल याच तीन शब्दांवर अडली. त्याचा दोष काय होता? चावी खुंटीवर होती, आणि पोरगा रात्री कुठे जातो हे त्याने विचारले नव्हते.

पोरांचे म्हणणे आणि आपले काम

पोरे म्हणतील, ‘रस्ता मोकळा असतो, आम्ही मध्यरात्रीनंतरच जातो.’ महामार्ग मोकळा कधीच नसतो. बंद पडलेला ट्रक, दुभाजकातून शिरलेले गुरू, मुंबईच्या बाजारासाठी पहाटेची गाडी पकडायला निघालेला भाजीवाला, हे सगळे त्याच वेळी रस्त्यावर असतात. म्हणतील, ‘गाडीला एअरबॅग आहे.’ एअरबॅग ही बेल्टला जोड म्हणून असते, बेल्ट नसेल तर तीच पिशवी तोंडावर मार देते. म्हणतील, ‘वेळ वाचतो.’ वीस किलोमीटर ८० ने गेलात तर पंधरा मिनिटे, १४० ने गेलात तर साडेआठ. वाचलेली साडेसहा मिनिटे चहाच्या टपरीवरच जातात.

मात्र पोरांना नुसते दटावून भागणार नाही. ज्याला खरोखर हौस आहे त्याला कोइंबतूर, चेन्नई इथले बंद ट्रॅक आणि परवानगीच्या स्पर्धा दाखवा. तिथे प्रशिक्षण मिळते. त्याचा खर्च कळला की निम्म्यांची हौस तिथेच उतरते. उरलेल्यांतून एखादा खरा खेळाडू निघेल, निघो बापडा!

आपण प्रत्येकाने काय करायचे ते थोडक्यात सांगतो.

शेतकऱ्यांनी: गाडीची चावी खुंटीवर नव्हे, कपाटात ठेवा. परवाना नसलेल्या पोराला गाडी देऊ नका, गावाच्या वेशीपर्यंतसुद्धा नाही. विम्याचा कागद एकदा पोराला मोठ्याने वाचायला लावा. ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी, हातगाडी यांना मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि ती आठवड्याला पुसा, खर्च चहा-वड्याएवढा आहे. रात्री बंद पडलेले वाहन रस्त्यावर तसेच सोडू नका. मागे बसणाऱ्यानेही बेल्ट लावावा.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी: ग्रामसभेत हा विषय एकदा घ्या. कोणत्या फाट्यावर रात्री गाड्या जमतात हे गावाला माहीत असते, पोलीस ठाण्याला लेखी कळवा. तोंडी सांगितलेले तोंडीच राहते. जत्रेत किंवा वाढदिवसाला मोटारींची पैज लागत असेल तर ‘होऊ देणारा’ही कायद्यात येतो हे आयोजकांना सांगा. गावचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथे दिवा, फलक आणि गतिरोधक आहे का ते पाहा.

अपघात झालाच तर सर्वांनी: ११२ किंवा १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, त्याच्यावर दावा होत नाही. २०१९ पासून तसे कलमच आहे. मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. हे लक्षात ठेवा आणि रुग्णालयात विचारा. आणि रस्त्यावर गर्दी करून बघत उभे राहू नका. अहमदाबाद आठवा.

फुलपाड्याच्या त्या टपरीवर चहा संपल्यावर मी पोरांशी बोललो. उपदेश केला नाही. एवढेच विचारले, ‘गाडी कोणाच्या नावावर आहे?’ एक जण म्हणाला, ‘पप्पांच्या.’ मी म्हटले, ‘आणि जमीन?’ तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ‘ती पण पप्पांच्याच.’ त्या रात्री ते गेले की नाही, मला माहीत नाही. पण आज संध्याकाळी तुमचा पोरगा घरी आला की हेच दोन प्रश्न त्याला विचारा. उत्तर त्याला ठाऊकच आहे, फक्त त्याने ते एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवे.

(लेखक कृषी पदविकाधारक असून विस्तार अधिकारी म्हणून काम करतात.)